एंगानो: सहा गावं, सहा कुळं आणि एक बोट

नांगर (धागालेखक)

भूगोलताईंच्या धाग्यावर जावा बेटाच्या गर्दीची चर्चा चालली होती, दर चौरस किलोमीटरला हजाराच्या वर माणसं वगैरे. तिथं मी म्हटलं होतं की त्याच देशात, इंडोनेशियात, दर चौरस किलोमीटरला दहाच माणसांचा हिशेब असलेलं एंगानो नावाचं बेट आहे, कधीतरी लिहीन. आज पावसानं कारखाना बंद ठेवलाय, तर लिहून टाकतो.

मी बेंगकुलू प्रांतात पाम तेलाच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल बघतो. बेंगकुलू म्हणजे सुमात्राचा नैर्ऋत्य किनारा. तिथल्या पुलाऊ बाई बंदरातून फेरीबोट सुटते आणि साधारण 12 तासांनी एंगानोला लागते. समुद्र शहाणा असेल तर. नसेल तर जास्त, आणि फारच बिघडला असेल तर बोट सुटतच नाही.

बेट सुमारे 35 किलोमीटर लांब, रुंदी त्याच्या निम्मी, क्षेत्रफळ 400 चौरस किलोमीटरच्या आसपास. 2020 च्या जनगणनेत माणसं चार हजारांच्या आसपास. आपल्या गडचिरोलीत 2011 ला दर चौरस किलोमीटरला 74 माणसं होती आणि आपण त्याला विरळ म्हणतो.

गावं सहा: काह्यापू, काआना, मलाकोनी, आपोहो, मेओक, बांजारसारी. सहाही एकाच बाजूला, ईशान्य किनाऱ्यावर, एकाच रस्त्यावर ओवलेली. नैर्ऋत्येला समोर उघडा हिंदी महासागर, तिकडं वस्ती नाही. मध्ये जंगल, आणि सर्वांत उंच टेकडीसुद्धा तीनशे मीटरच्या आतली. काह्यापूला फेरी लागते, मलाकोनीला सरकारी प्रवासी जहाजाचा धक्का आहे, बांजारसारीला लहान विमानांची धावपट्टी.

मी गेलो त्या बोटीत माणसांपेक्षा इतर सामान जास्त होतं. मोटारसायकली दोरानं एकमेकींना बांधलेल्या, तांदळाची पोती, डिझेलची पिंपं, अंड्यांचे ट्रे, कुणाचा तरी फ्रीज. परतीच्या फेरीत त्याच जागी केळीच केळी. इथली केळी म्हणजे पिसांग केपोक, जाड सालीची, चौकोनी अंगाची, तळून खायची. घड हिरवेच कापतात, देठ वर करून उभे रचतात, वर निळी ताडपत्री. प्रत्येक घडाच्या देठावर मालकाची खूण, कुणाची सुरीनं कोरलेली, कुणाची रंगाच्या फटकाऱ्याची. वेळेत बेंगकुलूला पोचली तर पैसा, नाहीतर डुकरांना खाद्य. बेटाची सगळी गत या एका ताडपत्रीखाली कळते.

---

टवाळ

नांगरशेठ, जिलबी पाडलीत पण गरम आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फक्त एक सांगा, चार हजारच का? पाणी नाही, जमीन खराब, की डास?

---

भूगोलताई

छान सुरुवात. यात थोडी भूगर्भाची भर घालते. सिमेउलुए, नियास, मेंतावाई आणि शेवटी एंगानो ही सुमात्राच्या पश्चिमेची बेटांची रांग म्हणजे समुद्रतळाचा वर उचलला गेलेला कणा. इंडो-ऑस्ट्रेलियन भूपट्ट सुमात्राखाली सरकतो, त्या दाबानं तो वर आलाय. किनाऱ्याला प्रवाळाचा खडक दिसतो तो त्यामुळं. हीच रचना उत्तरेला आपल्या निकोबार-अंदमानपर्यंत जाते. ग्रेट निकोबारपासून सुमात्राचं उत्तर टोक दोनशे किलोमीटरसुद्धा नाही, हे आपल्या मुलांना नकाशात दाखवलं की ती चकित होतात.

दुसरं म्हणजे हिमयुगात समुद्र शंभर-सव्वाशे मीटर खाली गेला तेव्हा जावा, सुमात्रा, बोर्निओ एकमेकांना जमिनीनं जोडले गेले. एंगानो जोडलं गेलं नाही, कारण मधला समुद्र फार खोल. त्यामुळं सुमात्राचा वाघ, हत्ती, ओरांगउटान यांतलं कुणी तिथं चालत पोचलं नाही.

---

झाडपाला

भूगोलताईंच्या मुद्द्यावरून पक्ष्यांचं सांगतो. जे उडत आले ते अडकून वेगळे झाले. एंगानोचं स्वतःचं छोटं शिंगळा घुबड आहे, स्वतःचा चष्मेवाला, स्वतःचा कस्तूर, आणि स्वतःची पहाडी मैना. चारशे चौरस किलोमीटरला ही यादी फार मोठी आहे. मैनेचं मात्र वाईट झालं. ती बोलते, म्हणून पिंजऱ्यासाठी पकडून पकडून कमी केली. जावामध्ये पाळीव पक्ष्यांचं वेड किती आहे ते तिथं राहिलेल्यांना ठाऊक असेल.

---

नांगर

@टवाळ, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर डास नाही. निदान एकटे डास नाहीत.

पाणी आहे, पाऊस भरपूर, जमीन बरी. लोक होतेही. 19 व्या शतकाच्या मध्याला इथं काही हजार माणसं असल्याचे डचांचे अंदाज आहेत. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत ती काही शेकड्यांवर आली. लढाई नाही, दुष्काळ नाही, ज्वालामुखी नाही. बाहेरून आलेले आजार, आणि त्याबरोबर जन्मच होईनासे झाले. 20 व्या शतकाच्या सुरुवातीला डच अधिकारी 'ही जमात संपणार' असं गृहीत धरूनच लिहीत होते. आज जे चार हजार आहेत त्यात मूळ एंगानो कुळांचे लोक आहेत आणि नंतर आलेलेही, मोठ्या संख्येनं.

म्हणजे बेट 'विरळ वस्तीचं' आहे हे नकाशाचं वर्णन झालं. खरं तर ते रिकामं झालेलं बेट आहे. माझा इथल्या सरकारी कागदांवर राग आहे तो यासाठीच. त्यात एंगानोबद्दल पहिलं विशेषण 'दूरचं', दुसरं 'विरळ', आणि तिसऱ्या ओळीत 'विकासाला वाव'. रिकामी जागा दिसली की वाव दिसतो.

---

निळी शाई

नांगरदादा, रिकामं व्हायच्या आधीचं काही सांगा ना. घरं, खाणं, सण?

---

नांगर

@निळी शाई, आता बघायला काही उरलेलं नाही, त्यामुळं वाचलेलं सांगतो.

एलिओ मोदिल्यानी नावाचा इटालियन प्रवासी 1891 मध्ये एंगानोला जाऊन राहिला. त्यानं गोळा केलेल्या वस्तू फ्लोरेन्सला आहेत. त्याच्या वर्णनात आणि चित्रांत इथली जुनी घरं आहेत: उंच खांबांवर उभी, पूर्ण गोल, वर शंकूसारखं छप्पर, आणि आत शिरायला रांगत जावं लागेल असं बुटकं दार. अंगण-ओसरी काही नाही. चढायला खाच पाडलेला ओंडका. शत्रू आला तर ओंडका वर ओढला की झालं.

भातशेती नव्हती. कंद, केळी, नारळ, मासे, डुक्कर. भात नाही म्हणजे कोठार नाही, कोठार नाही म्हणजे साठवणारा राजा नाही, हा माझा तर्क आहे, कुणाला पटला नाही तर सोडून द्या. राजा खरोखरच नव्हता, कुळं होती. आणि कूळ आईकडून चालतं. जमीनही बायकांच्या वंशानं पुढं जाते. सणात बायका डोक्याला लाकडी कोरीव शिरोभूषण घालत, त्यावर उकिडवा बसलेला माणूस कोरलेला असे. तो मारलेला शत्रू. नवऱ्याच्या पराक्रमाचा तुरा बायकोच्या डोक्यावर.

गोल घरं गेली ती लोक किनाऱ्याला उतरवले गेले तेव्हा. 20 व्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन मिशनरी आले, मग चौकोनी घरं, रस्त्यालगत रांग. आज तुम्ही गेलात तर पत्र्याचं छप्पर, पुढं व्हरांडा, अंगणात कोको वाळत घातलेला. सुमात्राच्या कुठल्याही गावासारखंच दिसेल.

---

पोर्टब्लेअर

गोल घर वाचून लिहितोय. नोकरीनिमित्त कार निकोबारला जाणं व्हायचं. तिथं जुनी घरं अगदी हीच: खांबांवर, गोल घुमटाकार, खालून शिडी. 2004 च्या त्सुनामीत बहुतेक गेली, नंतर सरकारनं पत्र्याची बांधून दिली. एंगानो आणि निकोबारी एकाच वंशाचे असतील का?

---

भूगोलताई

घरावरून वंश काढणं धोक्याचं. निकोबारी भाषा ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली, म्हणजे आपली खासी, मुंडारी, कोरकू यांची लांबची नातलग. एंगानो ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे मलय, जावानीज यांच्या बाजूची. ओलसर हवा, भुसभुशीत जमीन आणि डुकरांपासून बचाव या गरजा सारख्या असल्या की घरं सारखी होऊ शकतात.

---

सदरहू

ताई, एंगानो ऑस्ट्रोनेशियन असण्यावरही वाद झालेला आहे बरं. या भाषेतले शब्द इतके वेगळे आहेत की ही मुळात एकटीच, कुणाशीही नातं नसलेली भाषा असावी आणि बाकीचं उसनं आहे, असंही म्हटलं गेलं. नंतरच्या अभ्यासांनी ध्वनिबदलांचे नियम जुळवून दाखवले आणि ती ऑस्ट्रोनेशियनच असल्याचं मत आता मान्य आहे. हान्स केलर या जर्मन अभ्यासकानं 1930 च्या दशकात बेटावर राहून व्याकरण आणि गोष्टी नोंदवल्या. गेल्या काही वर्षांत ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी बेटावरच्या लोकांबरोबर पुन्हा काम केलं, तेव्हा दिसलं की केलरच्या काळापासून आजपर्यंत शब्दांच्या शेवटचे स्वर गळून गेलेत. तीन-चार पिढ्यांत एवढा बदल. थोडी माणसं बोलत असली की भाषा किती झपाट्यानं बदलते ते बघा.

---

टवाळ

सदरहू आले, आता धागा शंभरी गाठणार.

नांगरशेठ, शीर्षकात सहा कुळं म्हणताय. पाच मूळची आणि सहावं पाहुण्यांचं अशी काही भानगड आहे का? कुठंतरी वाचल्यासारखं वाटतंय.

---

नांगर

बरोबर वाचलंत. मूळ कुळं पाच: काइतोरा, काउनो, काहारुबा, काआहोआओ, काआरुबी. सहावं काआमाय. बाहेरून येऊन राहिलेला प्रत्येकजण त्यात: जावानीज, मिनांग, बटाक, बुगिस, बेंगकुलूच्या किनाऱ्यावरचे. प्रत्येक कुळाला प्रमुख, आणि सगळ्यांच्या वर समन्वयाला एक, त्याला पाआबुकी म्हणतात. काआमायलाही प्रमुख असतो आणि तो बैठकीत बाकीच्यांबरोबर बसतो.

हे मला कळलं ते मलाकोनीच्या एका टपरीवर. चहावाल्या बाई मूळच्या मध्य जावाच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. मी विचारलं, 'ईबू, तुम्ही कुठल्या?' मला वाटलं सोलो, सेमारांग असं काही सांगतील. म्हणाल्या, 'काआमाय.' मी गप्प बसलेला बघून त्यांनी समोर बसलेल्या म्हाताऱ्यांकडं बोट केलं, 'हे काइतोरा. यांच्या भाच्याला माझी मुलगी दिलीय.' म्हातारेबुवा केपोकची भजी खात होते, त्यांनी नुसती मान हलवली. 'मग नातवंडं कोण?' असं मी विचारल्यावर मात्र दोघांचं अर्धा तास चाललं. कूळ आईचं, म्हणून नातवंडं काआमाय, असं बाई म्हणत होत्या. म्हाताऱ्यांचं म्हणणं, रीतसर विधी करून मुलगी एखाद्या मूळ कुळात घेतली तर नातवंडं त्या कुळाची, आणि जमिनीचा प्रश्नच मिटला. बाईंना ते मान्य नव्हतं, कारण मग त्यांच्या घरात त्या एकट्याच काआमाय उरणार.

धर्म यात आडवा येत नाही हे विशेष. बेटावर मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, एकाच कुळात दोन्ही आहेत. कुळाच्या बैठकीला सगळे एकत्र.

---

अण्णा कोल्हापूर

ही सहाव्या कुळाची आयडिया आवडली राव. आमच्या गावात चाळीस वर्षं राहिलेल्या माणसाला अजून 'तो सांगलीचा' म्हणत्यात.

पण जमिनीचं काय? काआमायला जमीन मिळते का, का नुसतं बैठकीत बसायचं?

---

नांगर

अण्णा, नेमकं तिथंच बोट ठेवलंत. जमीन मूळ कुळांची. काआमायनं कसायची तर कुळाच्या संमतीनं किंवा लग्नाच्या नात्यानं. म्हणजे मान पूर्ण, मालकी अर्धवट. बाहेरून आलेल्यांना हे जाचतं, मूळच्यांना वाटतं हे सैल केलं की शंभर वर्षांपूर्वीचं रिकामं होणं पुन्हा होईल, फक्त या वेळी माणसांऐवजी जमीन जाईल. मी पाम तेलावर पोट भरतो, तरी सांगतो, त्यांची भीती खोटी नाही. पामच्या बागांचे प्रस्ताव बेटावर आले आणि त्यांना विरोधही झाला. कुळांच्या हक्काला जिल्ह्याच्या कायद्यानं मान्यता मिळावी ही मागणी त्यातूनच आहे.

आणि कायदा करायचा जिल्हा कुठं, तर उत्तर बेंगकुलू. मुख्यालय आर्गा माकमुर, म्हणजे 12 तास बोट, मग बेंगकुलू शहरातून पुन्हा गाडी.

---

मिऱ्याबंदर

2025 ला एंगानो तुटलं होतं ना काही महिने? आमच्या जहाजावर एक इंडोनेशियन बोसन (खलाशांचा मुकादम) होता, त्याच्या फोनवर सारखे व्हिडिओ यायचे.

---

नांगर

हो, आणि या धाग्याचं खरं कारण तेच.

बेंगकुलूचं बंदर खाडीसारख्या सरोवरात आहे, बाहेर पडायला एक अरुंद वाट. हिंदी महासागराची लाट किनाऱ्याला तिरकी लागते, वाळू ओढत आणते आणि त्या वाटेत टाकते. सतत उपसा करावाच लागतो. उपसा रेंगाळला. 2025 च्या मार्चपासून वाट इतकी भरली की मोठ्या बोटी आतल्या आत आणि बाहेरच्या बाहेर. एंगानोची फेरी बंद. तेलाचे टँकर आत येईनात म्हणून खुद्द बेंगकुलू शहरात पेट्रोलच्या मैलभर रांगा, मी स्वतः त्यात उभा राहिलोय.

शहराची ओरड देशभर गेली, कारण शहर मोठं. बेटावर काय झालं? केळी झाडावरच पिकली, कापून उपयोग नव्हता. कोको पडून. दुकानदारांकडचं डिझेल, तांदूळ, औषधं संपत गेली. निघायचंच असेल तर मासेमारीची बोट. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष प्राबोवो यांनी वाट मोकळी करण्याचा आणि एंगानोच्या विकासाचा खास आदेश काढला, मग ड्रेजर, म्हणजे गाळ उपसणारी जहाजं, हलले.

त्या काळात बातम्यांत एकच शब्द होता, 'दुर्गम एंगानो'. अहो, एंगानो होतं तिथंच होतं. त्याचे दोन्ही धक्के चांगले होते. गाळ साचला मुख्य भूमीच्या दारात. खरं तर बेंगकुलूच दुर्गम झालं होतं, बिल फाटलं एंगानोच्या नावानं.

---

मिऱ्याबंदर

बंदर वाळूनं भरण्याचं दुखणं आमच्या कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला विचारा. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा पडला की भरतीची वाट बघत बाहेर उभं राहायचं, आणि एखाद्या वर्षी होडी उलटायची. उपशाची मागणी प्रत्येक निवडणुकीत. फक्त आमच्याकडं पलीकडं बेट नाही, इतकंच.

---

सदरहू

थोडं अवांतर. बेंगकुलू 1824 पर्यंत इंग्रजांकडं होतं, मग मलाक्काच्या बदल्यात डचांना दिलं. इंग्रजांनी तिथं हिंदुस्थानातून शिपाई आणि कैदी नेले. त्यांच्यामागून मोहरमची रीत गेली आणि आजही बेंगकुलूत मोहरमचे पहिले दहा दिवस ताबूत निघतात, शेवटच्या दिवशी मिरवणूक. वाद्यं कोणती? दोल आणि तासा. दोल नारळाच्या बुंध्यातून कोरलेला, वर कातडं. तासा उथळ, दोन काड्यांनी वाजवायचा.

---

निळी शाई

सदरहू!! पुण्यातल्या पथकांना हे कुणीतरी पाठवा.

---

नांगर

पाहिलंय मी. दोलवाले उड्या मारत वाजवतात. पण एंगानोवर ते नाही, ते किनाऱ्याचं. बेटावर त्या दिवसांत शांतता, जे जातात ते बोट असेल तर जातात.

---

टवाळ

म्हणजे पुन्हा बोटच.

एक गंभीर प्रश्न (होय, मी). बेट रिकामं आहे, जावा भरलंय. सरकारनं माणसं तिकडं हलवली तर चूक काय? शाळा, दवाखाना, बोट, सगळं माणसं वाढली की आपोआप येतं. चार हजारांसाठी कुठलं सरकार ड्रेजर लावतं?

---

भूगोलताई

इंडोनेशियानं हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिलाय, 'ट्रान्समिग्रासी' नावानं, सुमात्रा, कालिमांतान, पापुआपर्यंत. जावाची गर्दी त्यानं जाणवण्याइतकी कमी झाली नाही, आणि कित्येक ठिकाणी जमिनीवरून तंटे मात्र झाले.

---

नांगर

@टवाळ, माणसं वाढली की बोट येते हे सुमात्राच्या मोठ्या भूमीवर खरं असेल. बेटावर उलटं होतं. आधी भरवशाची बोट हवी, मग माणूस राहतो. एंगानोची मुलं शिकायला बेंगकुलूला जातात, त्यातली कित्येक परत येत नाहीत. जमीन आहे, केळी आहे, घर आहे. पण पोटात दुखायला लागलं तर 12 तास, तेही बोट असली तर, एवढ्या एका गोष्टीवर तरुण जोडपं किनाऱ्याला राहायचं ठरवतं.

भूकंपाचंही तेच. 4 जून 2000 ला 7.9 चा धक्का एंगानोजवळच बसला. शंभरावर माणसं गेली, बहुतेक बेंगकुलूच्या किनाऱ्यावर. त्यामुळं मदतीचा ओघ अर्थातच तिकडं. बेटावरची पडलेली घरं लोकांनी आपापसात उभी केली.

तेव्हा नवी माणसं आणण्याआधी आहेत त्यांची केळी वेळेवर पोचू द्या. आलेल्यांना सामावून घ्यायची सोय त्यांच्याकडं तुमच्या-माझ्यापेक्षा जुनी आहे. ती चालते कारण कोण येणार आणि किती येणार हे आजवर एंगानोच्या आवाक्यात राहिलं.

---

अण्णा कोल्हापूर

पटलं. टवाळ, एक-शून्य.

---

टवाळ

मान्य. पण ड्रेजरचा प्रश्न राहिलाच.

---

निळी शाई

नांगरदादा, जायचं झालं तर कसं? आम्ही दोघं, साठीच्या आतबाहेर.

---

नांगर

ताई, जकार्ताहून बेंगकुलू विमानानं. पुढं लहान विमान मिळालं तर तासाभराच्या आत, पण आसनं मोजकी आणि हवा बिघडली की रद्द. फेरीनं जाणार असाल तर चटई, उशी आणि उलटीची गोळी घेऊन वरच्या डेकवर जागा धरा, खाली डिझेलचा वास बसू देत नाही. रोकड बरोबर ठेवा. परतीचं जकार्ता-मुंबई तिकीट बोटीच्या दुसऱ्या दिवशीचं चुकूनही काढू नका, चार-पाच दिवस मोकळे ठेवा. मुक्काम मलाकोनीत घरगुती. पोचल्यावर गावप्रमुखाला भेटून या, तिथं तशी रीत आहे. आणि निघण्याआधी बेंगकुलूच्या धक्क्यावर जाऊन स्वतः विचारा, बोट खरंच सुटणार आहे का. फोनवर सगळे 'हो'च म्हणतात.